खिडकीची उंची आणि टू-स्ट्रोकची ताकद

टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरला सहसा व्हॉल्व्ह नसतात. त्यांच्या जागी सिलिंडरच्या भिंतीत कोरलेल्या खिडक्या असतात, ज्यांना पोर्ट असे म्हणतात, आणि या खिडक्या उघडण्याचे व झाकण्याचे काम वर-खाली होणारा पिस्टनच करतो. फोर-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह केव्हा उघडावा आणि किती वेळ उघडा राहावा हे कॅमशाफ्टच्या उंचवट्यांवरून ठरते, तर टू-स्ट्रोकमध्ये तेच सारे खिडकीच्या कडेच्या उंचीवरून ठरते, आणि म्हणूनच कानस किंवा हातातले ग्राइंडर घेऊन बसलेला कारागीर या कडेचे एक-दोन मिलिमीटर धातू काढून इंजिनाचा स्वभाव मुळापासून पालटू शकतो. या कामाला गॅरेजच्या भाषेत पोर्टिंग म्हणतात. ते दिसायला सोपे असल्यामुळे हौशी लोक त्याच्याकडे ओढले जातात आणि त्यामागचे गणित माहीत नसल्यामुळे चांगले सिलिंडर कायमचे बिघडवून बसतात.

सुरत जिल्ह्यातील पलसाणा हे टू-स्ट्रोक इंजिनाच्या वाहनांच्या वाटेवरचे गाव आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि धुळे, नवापूर, बारडोलीकडून हजिऱ्याकडे जाणारा महामार्ग येथे एकमेकांना भेटतात, त्यामुळे सुरतच्या कापड उद्योगात कामाला आलेल्या खानदेशी कुटुंबांचा गावाकडचा रस्ता पलसाण्यावरून जातो. याच तालुक्यातील चलथाणला साखर कारखाना आहे आणि भोवती उसाची शेती आहे. शेतात वापरले जाणारे पाठीवरचे फवारणी यंत्र आणि गवत कापण्याचे यंत्र यांतही बहुधा लहानसे टू-स्ट्रोक इंजिनच असते. मराठी माणसाला हे इंजिन परके नाही, कारण ते महाराष्ट्रातल्याच कंपन्या घडवत होत्या. पुण्याच्या किनेटिकची लूना आणि आकुर्डीच्या बजाजची चेतक या दोन्ही १९७२ मध्ये रस्त्यावर आल्या, १९८४ मध्ये किनेटिक होंडा आली, १९८६ मध्ये बजाजने कावासाकीच्या साहाय्याने केबी १०० ही मोटरसायकल काढली, आणि ही सर्व वाहने टू-स्ट्रोक होती. मात्र पोर्टिंगची हौस ज्या गाडीवर सर्वाधिक भागवली गेली ती एस्कॉर्ट्स कंपनीने १९८५ ते १९९६ या काळात बनवलेली यामाहा आरएक्स १००. तिच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची धाव ५० मिलिमीटर, घनफळ ९८ सीसी आणि ताकद मिनिटाला ७५०० फेऱ्यांवर ११ अश्वशक्ती होती. पुढील हिशेबासाठी तिचेच माप समोर ठेवणे सोयीचे होईल.

टू-स्ट्रोकच्या सिलिंडरमध्ये प्रामुख्याने तीन प्रकारच्या खिडक्या असतात. इनटेक पोर्टमधून कार्ब्युरेटरकडील हवा व पेट्रोलचे मिश्रण पिस्टनच्या खालच्या बाजूला, म्हणजे क्रँककेसमध्ये, शिरते. पिस्टन खाली येताना ते तेथे दाबले जाते आणि ट्रान्सफर पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये ढकलले जाते. जळलेला वायू एक्झॉस्ट पोर्टमधून सायलेन्सरकडे निघून जातो. क्रँककेसचा पंपासारखा उपयोग करण्याची ही युक्ती इंग्लंडमधील जोसेफ डे यांनी १८९० च्या सुमारास काढली आणि त्यांच्या कारखान्यातील फ्रेडरिक कॉक यांनी १८९२ मध्ये इनटेकचा उरलेला व्हॉल्व्हही काढून टाकून ते काम पिस्टनच्या खालच्या कडेकडे सोपवले. आरएक्स १०० मध्ये इनटेकच्या वाटेवर रीड व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने उघडणाऱ्या पातळ पात्यांची झडप आहे. तिच्यामुळे आत शिरलेले मिश्रण कार्ब्युरेटरकडे परत फेकले जात नाही. अशी झडप नसलेल्या राजदूत १७५ सारख्या इंजिनात पिस्टनचा खालचा घेर कापून इनटेक जास्त वेळ उघडा ठेवला, तर कमी वेगात कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोलचा फवारा उलटा बाहेर येतो.

यांपैकी ताकदीशी सर्वांत थेट नाते एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेचे आहे. पिस्टन खाली येताना त्याचा माथा या कडेपाशी पोहोचला की खिडकी उघडू लागते आणि वर जाताना तेथेच ती बंद होते. या दोन क्षणांमध्ये क्रँकशाफ्ट जितके अंश फिरतो, त्याला पोर्टचा कालावधी म्हणतात. हिशेबासाठी कनेक्टिंग रॉडची लांबी १०० मिलिमीटर आणि एक्झॉस्टचा कालावधी १८० अंश धरला, तर ५० मिलिमीटर धावेच्या इंजिनात ही कड पिस्टनच्या सर्वांत वरच्या स्थानापासून, म्हणजे टॉप डेड सेंटरपासून, २८.२ मिलिमीटर खाली येते. तीच कड २.२ मिलिमीटर वर नेली की कालावधी १९० अंश होतो. म्हणजे एक मिलिमीटर धातू काढला की कालावधी सुमारे साडेचार अंशांनी वाढतो, आणि कानशीचे आठ-दहा जादा फटकारेही इंजिनाचा हिशेब चुकवू शकतात, हे या साध्या भूमितीवरून स्पष्ट होते.

कालावधी वाढवण्याचे कारण वेळेच्या टंचाईत आहे. एक्झॉस्ट उघडल्यापासून ट्रान्सफर उघडेपर्यंतच्या टप्प्याला ब्लोडाउन म्हणतात. या टप्प्यात सिलिंडरमधील जळलेल्या वायूचा दाब क्रँककेसमधील दाबाच्या खाली आला पाहिजे. तसे न झाल्यास ट्रान्सफर उघडताच ताजे मिश्रण वर येण्याऐवजी धूरच खाली क्रँककेसमध्ये घुसतो. हा टप्पा २८ अंशांचा आहे असे मानले, तर मिनिटाला ६००० फेऱ्यांवर त्यासाठी ०.७८ मिलिसेकंद मिळतात, पण ९००० फेऱ्यांवर तेच २८ अंश ०.५२ मिलिसेकंदात संपतात. म्हणून वरच्या फेऱ्यांवर श्वास मोकळा करायचा असेल, तर एक्झॉस्ट आधी उघडावा लागतो किंवा रुंद करावा लागतो. केवळ कालावधी न पाहता खिडकीचे क्षेत्रफळ आणि ती उघडी असण्याचा वेळ यांचा एकत्र विचार करण्याची पद्धत, जिला टाइम-एरिया म्हणतात, अमेरिकी लेखक गॉर्डन जेनिंग्ज यांच्या १९७३ च्या पुस्तकामुळे सामान्य कारागिरांपर्यंत पोहोचली, आणि पुढे बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतील प्राध्यापक गॉर्डन ब्लेअर यांनी टू-स्ट्रोकमधील वायुप्रवाहाला संगणकीय गणिताचा भक्कम आधार दिला.

परंतु वर नेलेल्या कडेची किंमत मोजावी लागते, आणि ती कोठे मोजावी लागते हे गॅरेजमध्ये सहसा सांगितले जात नाही. पिस्टन वर जाताना एक्झॉस्ट बंद होईपर्यंत मिश्रण दाबले जात नाही, त्यामुळे खऱ्या अर्थाने दाबले जाणारे घनफळ फक्त कडेच्या वरचे असते. ९८ सीसीच्या या इंजिनात कड २८.२ मिलिमीटरवर असताना हे घनफळ सुमारे ५५ सीसी भरते आणि कड २६ मिलिमीटरवर नेली की ते ५१ सीसीवर येते. मूळ प्रत्यक्ष दाब-प्रमाण सातास एक असेल, तर ते साडेसहास एकच्या आसपास उतरते. खालच्या फेऱ्यांवर खेच कमी होणे, चढावर गाडी रडणे, डबल सीट असताना वारंवार गिअर उतरवावा लागणे या तक्रारींचे मूळ येथे आहे, कारण ज्या स्फोटाने पिस्टन खाली ढकलायचा त्याचा जोरही आता आधी उघडणाऱ्या खिडकीतून लवकर निघून जातो. अशा पोर्टिंगने ताकद सरसकट वाढत नाही. ती खालच्या फेऱ्यांकडून काढून वरच्या फेऱ्यांकडे नेली जाते, आणि जो चालक त्या वरच्या फेऱ्यांत गाडी चालवतच नाही त्याच्या वाट्याला फक्त तोटा येतो.

हरवलेले दाब-प्रमाण हेड घासून काही अंशी परत मिळवता येते. वरील उदाहरणात त्यासाठी दहनकक्षाचे घनफळ सुमारे ०.७ सीसीने कमी करावे लागेल, म्हणजे लेथवर हेडचा जेमतेम ०.३५ मिलिमीटरचा थर काढावा लागेल. तेवढ्यानेही पिस्टनचा माथा आणि हेडची कडेची पट्टी यांतील अंतर धोक्याच्या मर्यादेत येऊ शकते. हे अंतर मोजण्याची जुनी आणि खात्रीची रीत अशी की, प्लगच्या भोकातून मऊ सोल्डरची तार सिलिंडरच्या भिंतीपर्यंत आत सरकवावी, क्रँक हाताने हळूच टॉप डेड सेंटरच्या पलीकडे न्यावा आणि चेपलेल्या टोकाची जाडी व्हर्नियरने मोजावी. पिस्टन पिनवर डोलत असल्यामुळे दोन्ही बाजूंची मापे घेणे इष्ट असते.

ट्रान्सफर पोर्टच्या बाबतीत उंचीपेक्षा दिशा महत्त्वाची आहे. जर्मन अभियंता अडॉल्फ श्नुर्ले यांनी १९२० च्या दशकात अशी रचना काढली की, ट्रान्सफरमधून येणारे मिश्रणाचे झोत एक्झॉस्टच्या विरुद्ध भिंतीकडे वळतात, तेथून वर चढतात आणि हेडखालून वळसा घेऊन जळलेल्या वायूला बाहेर रेटतात. ट्रान्सफरच्या आतील वळण किंवा मागची भिंत अंदाजाने कोरली, तर हे झोत एकमेकांवर आदळण्याऐवजी सरळ एक्झॉस्टकडे निघून जातात आणि ताजे पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाते. म्हणून जाणकार कारागीर ट्रान्सफरमध्ये फारसे काही कोरत नाही. सिलिंडर आणि क्रँककेस जेथे जुळतात तेथील पायरी, पॅकिंगची आत डोकावणारी कड आणि ओतकामातले खडबडीत काठ तेवढे तो काढतो. कड न हलवता केलेल्या या कामाचा लाभ सर्व फेऱ्यांवर मिळतो आणि तोटा जवळजवळ नसतो. सामान्य वापराच्या गाडीला करण्यासारखे पोर्टिंग असेल तर ते एवढेच.

सिलिंडर एकटा काही करीत नाही, हे पूर्व जर्मनीतील चोपाऊ येथील एमझेड कारखान्याचे अभियंता वाल्टर काडेन यांनी जगाला दाखवून दिले. एक्झॉस्ट उघडताच दाबाची एक लाट नळीतून धावते. नळी जेथे रुंदावते तेथून ओढ देणारी लाट परत येऊन सिलिंडर रिकामा करण्यास मदत करते, आणि पुढे जेथे नळी निमुळती होते तेथून दाबाची लाट परत येऊन बाहेर पडू पाहणारे ताजे मिश्रण खिडकी बंद होण्याच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. अशा नळीला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात. काडेन यांनी तिची जोड क्रँकवर फिरणाऱ्या चकतीच्या व्हॉल्व्हशी आणि जादा ट्रान्सफर पोर्टशी घालून १९६१ पर्यंत १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली, म्हणजे लिटरमागे २००. तुलनेसाठी आरएक्स १०० ची लिटरमागे ताकद ११२ भरते. त्याच वर्षी स्वीडनमधील शर्यतीनंतर एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेगनर देश सोडून गेला. हे ज्ञान त्याच्याबरोबर जपानच्या सुझुकीकडे पोहोचले आणि १९६२ मध्ये त्याने सुझुकीवर ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवले. पुढे भारतात आलेल्या जपानी टू-स्ट्रोक गाड्यांच्या मागे हा इतिहास उभा आहे.

नळीचे गणित पोर्टच्या उंचीशी किती घट्ट बांधलेले असते हे पाहण्यासारखे आहे. तापलेल्या वायूत लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला, तर १८० अंशांचा एक्झॉस्ट ७५०० फेऱ्यांवर ४ मिलिसेकंद उघडा असतो आणि तेवढ्यात लाट २ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन एकेक मीटर, अंतर कापते. कालावधी १९० अंश करून इंजिन ९००० फेऱ्यांवर नेले, तर वेळ साडेतीन मिलिसेकंदांवर येतो आणि योग्य लांबी सुमारे ८८ सेंटिमीटर होते. पोर्ट वर नेऊन सायलेन्सर मूळचाच ठेवला, तर परतीची लाट खिडकी बंद झाल्यावर येऊन पोहोचते, म्हणजे निरुपयोगी ठरते. सायलेन्सरच्या आतील जाळी काढून टाकणे, हा जो उपाय सर्रास केला जातो, त्याने आवाज वाढतो आणि आवाजामुळे वेग वाढल्याचा भास होतो. लाटेची लांबी त्याने जुळत नाही.

उलट दिशेचे उदाहरणही भारतीय रस्त्यावरच मिळते. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये आणलेली राजदूत ३५० ही मूळ यामाहा आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती होती. जपानी मूळ इंजिन ३९ अश्वशक्तीच्या घरात होते, तर येथे ते सौम्य करून आधी ३०.५ आणि पुढच्या आवृत्तीत २७ अश्वशक्तीवर आणले गेले. ३४७ सीसीचे तेच दोन सिलिंडरांचे इंजिन येथील पेट्रोलच्या खर्चाला आणि रस्त्यांना जुळावे म्हणून कंपनीनेच त्याची शिखराची ताकद सोडून दिली, यावरून कारखान्यातून आलेली मापे अज्ञानातून ठरलेली नसतात हे ध्यानात यावे.

एक्झॉस्ट रुंद करण्याचा मार्ग कमी फेऱ्यांना कमी त्रास देतो, पण तेथे रिंगा आड येतात. पिस्टनभोवतीची रिंग लवचिक असते आणि खिडकीसमोरून जाताना ती किंचित बाहेर फुगते. खिडकी फार रुंद असेल किंवा तिची वरची कड सरळ आणि धारदार असेल, तर रिंग कडेत अडकून तुटते आणि तिचे तुकडे सिलिंडरला ओरखडे पाडतात. मधे खांब नसलेल्या एकाच खिडकीची सरळ रुंदी सिलिंडरच्या व्यासाच्या सुमारे ६० ते ६५ टक्क्यांच्या आत ठेवावी असा संकेत आहे, म्हणजे ५० मिलिमीटरला ३० ते ३२ मिलिमीटर. टू-स्ट्रोकमध्ये रिंगेची फट एका बारीक पिनेने जागेवर रोखलेली असते, आणि खिडकी या पिनेच्या वाटेवर पसरली तर रिंगेचे टोक तिच्यात शिरणे अटळ असते. म्हणून खिडकीची वरची कड कमानीसारखी ठेवतात, कोपरे गोल करतात आणि काम संपल्यावर सर्व कडांची धार बारीक पॉलिश पेपरने मारतात. हे शेवटचे काम पाच-दहा मिनिटांचे असले तरी नव्या रिंगेचे आयुष्य त्यावर अवलंबून असते, आणि रिबोअर केल्यानंतर, म्हणजे सिलिंडरचा व्यास वाढवल्यानंतर, मूळ पोर्टच्या कडाही पुन्हा धारदार होतात, त्यामुळे पोर्टिंग न करणाऱ्यानेही ते टाळू नये.

ज्याला प्रयोग करायचाच आहे त्याच्यासाठी न कापता शिकण्याचा एक मार्ग उपलब्ध आहे. सिलिंडर आणि क्रँककेस यांच्यामधील पॅकिंग जाड केले की सगळ्या खिडक्या एकदम वर जातात; एक मिलिमीटरच्या जादा पॅकिंगने एक्झॉस्टचा कालावधी साडेचार अंशांनी वाढतो, ट्रान्सफरचा त्याहून थोडा अधिक वाढतो, आणि हेडची जागा तेवढीच वर गेल्याने दाब कमी होतो, जो जादा हेड मिळवून व ते घासून भरून काढता येतो. रीड व्हॉल्व्हच्या इंजिनात इनटेकवर याचा परिणाम थोडा असतो. पिस्टनने इनटेक उघडणाऱ्या इंजिनात मात्र खिडकी वर गेल्याने ती उशिरा उघडते, हे लक्षात ठेवावे लागते. क्रँकच्या टोकाला अंशांच्या खुणा असलेली चकती लावून आधी मूळ मापे वहीत लिहावीत, नंतर पॅकिंग बदलून गाडी चालवावी, आणि न आवडल्यास जुने पॅकिंग परत लावावे. श्वास मोकळा झाल्यावर मिश्रणात हवेचे प्रमाण वाढण्याचा धोका असल्याने कार्ब्युरेटरचा मुख्य जेट मोठा घ्यावा लागतो. प्लगचे टोक पांढरे पडणे हे पिस्टन तापून सिलिंडरमध्ये पकडला जाण्याची पूर्वसूचना असते, आणि ज्या टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, तेथे पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते.

प्रदूषणाच्या बाजूने पाहिले तर पोर्टिंग हे टू-स्ट्रोकच्या मूळ दोषात भर घालणारे काम आहे. ट्रान्सफर आणि एक्झॉस्ट एकाच वेळी उघडे असल्याने न जळलेल्या पेट्रोलचा काही भाग नेहमीच बाहेर जातो. या दोषामुळेच २००० नंतरच्या कडक होत गेलेल्या उत्सर्जन-मर्यादांत टू-स्ट्रोक मोटरसायकली टिकू शकल्या नाहीत. जादा उंच एक्झॉस्ट आणि न जुळलेली नळी यांच्या जोडीने हा अपव्यय कमी फेऱ्यांवर, म्हणजे नेमका गर्दीच्या रस्त्यावर, वाढतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. उंच पोर्टचे इंजिन शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर शोभते. महामार्गावर रोज कामावर जाणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

आरएक्स १०० चे उत्पादन थांबून आता सुमारे तीन दशके झाली आहेत आणि तिचे मूळ, न कोरलेले सिलिंडर दरवर्षी दुर्मीळ होत आहेत. बीडाच्या स्लीव्हचा व्यास रिबोअर करून वाढवता येतो आणि त्याला जादा मापाचा पिस्टनही बसतो, पण पोर्टच्या कडेवरून घासलेला धातू परत लावण्याचा व्यवहार्य उपाय नाही. ज्यांच्याकडे असा सिलिंडर आहे त्यांनी तो तसाच ठेवावा, आणि पोर्टिंगचा हात बसवायचा असेल तर आधीच खराब झालेला, भंगारात जाणारा ब्लॉक त्यासाठी घ्यावा.